सौदामिनीचा फॉर्म

भोरच्या नीरातीर हायस्कुलात गंगाधरपंत गणित शिकवायचे. अंगानं किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या उजव्या खिशावर खडूची कायमची पांढरी झाक. आवाज कधी चढायचा नाही, पण ते वर्गात आले की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई आणि पेपर द्यायला पुण्याला जावं लागे. पण कुणीही उठावं आणि पुण्याला जाऊन बसावं, असं नव्हतं. आधी पौषात शाळेची प्रिलिमिनरी. तिच्यात जो तरला त्याच्याच अर्जावर हेडमास्तर सही करीत. याला सगळे 'फॉर्म मिळणं' म्हणत. फॉर्म मिळाला म्हणजे अर्धा मॅट्रिक झालाच. नाही मिळाला, की अकरा वर्षांचं शिकणं दारातच बसलं.

पूर्वी शाळेचा हात या बाबतीत सैल होता. इंग्रजीत गचकलेला असो नाहीतर संस्कृतात, बापानं दोन चकरा मारल्या की फॉर्म मिळायचा. व्हायचं तेच झालं. एका वर्षी पुण्याला गेलेल्यांपैकी अगदी बोटावर मोजण्याइतके पास झाले आणि संस्थानच्या शिक्षणखात्यातून हेडमास्तरांना खरमरीत विचारणा आली. तेव्हा शिक्षकांच्या सभेत गंगाधरपंत उभे राहिले. "एका जरी विषयात नापास, तर फॉर्म नाही," ते म्हणाले. "मुलगा कुणाचाही असो." नियम मंजूर झाला आणि निकाल खरंच सुधारला. पंतांना त्याचा अभिमान होता. ते तो बोलून दाखवत नसत, पण गावातून चालताना त्यांची मान थोडी ताठ झाली होती, हे खरं.

त्या नियमात पहिला अडकला तो बिरू.

बिरू वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा. बाप म्हादू मेंढरं-शेरडं राखायचा. वेल्ह्याच्या शाळेतल्या मास्तरांनी पोराचं डोकं बघून त्याला भोरला धाडलं. मिसरूड फुटलेला, हाडापेरानं मोठा, वर्गात सगळ्यांत मागं बसणारा हा मुलगा इतिहास-भूगोलात पुढं असायचा. इंग्रजीही त्यानं घासून घासून वळणावर आणलं होतं. गणितात मात्र त्या वर्षी तो थोडक्यात राहिला. चार मार्कांनी.

निकाल लागल्यावर तीन-चार दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळी त्याची आई बयाबाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोंगर उतरून, मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी, अशी ती आली होती. लुगड्याचा ओचा धुळीनं माखलेला.

"मास्तर," ती म्हणाली, "चार मार्क म्हंजी किती वो? लई असत्यात का?"

"प्रश्न किती आहेत तो नाही, बाई. नियम आहे."

"योक डाव बघा की. त्याचा चुलता म्हनला व्हता, ह्ये वरीस मी मेंढरं बघतो, फुडं न्हाई. धनी तर गुडघ्यानं बसल्यात. आता बिरूला माघारी यावं लागंल. फुडल्या वर्साची बात आमाला न्हाई जमायची."

पंतांना वाईट वाटलं. पण नियम त्यांनीच केलेला. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बयाबाई, माझी स्वतःची मुलगी याच शाळेत आहे. पुढच्या वर्षी तीही मॅट्रिकला येईल. तिला चार कमी पडले तरी मी देणार नाही. मग तुमच्या मुलाला कसे देऊ?"

बयाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "सोताच्या लेकीला कुनी आडवतंय व्हय?" ती म्हणाली आणि पदर खांद्यावर सारून निघून गेली. फाटकाबाहेर बिरू पेटी डोक्यावर घेऊन उभा होता. तो पंतांना नमस्कार करून आईच्या मागून चालू लागला.

पंतांची ती मुलगी म्हणजे सौदामिनी. घरात सौदा. सतरावं सरून अठरावं लागायला आलेलं. वर्गात एकटीच मुलगी, म्हणून तिचं बाक वेगळं, मास्तरांच्या टेबलाच्या डाव्या हाताला, भिंतीशी. संस्कृतात ती अशी तरबेज, की शास्त्रीबोवा तिला उभी करून मुलांना ऐकवत. भूमिती तिला आवडे. बीजगणिताशी मात्र तिचं जमत नसे. चिन्हं इकडची तिकडं व्हायची, मग ती स्वतःवरच चिडायची. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागला, की बापलेक पडवीत पाटी घेऊन बसत. पंत एक आकृती काढत आणि म्हणत, "सिद्ध कर." ती ओठ चावत विचार करायची आणि पुष्कळदा पंतांनी शिकवलेल्या वाटेनं न जाता भलत्याच वाटेनं मुक्कामाला पोचायची. पंत वरवर म्हणत, "असं परीक्षेत करू नकोस." मनातून त्यांना आनंद होई. तो काही ते दाखवत नसत.

पंतांच्या पत्नी द्वारकाबाई यांना हे फारसं पसंत नव्हतं. नसरापूरचं एक चांगलं स्थळ दोन वर्षं थांबलं होतं. मुलगा शरच्चंद्र, मामलेदार कचेरीत कारकून, घरची शेती, माणसं सरळ. किती दिवस थांबवायचं त्यांना? शेवटी नवरा-बायकोत ठरलं. फॉर्म मिळाला तर सौदानं पुण्याला परीक्षेला बसायचं, आणि पास झाली तर तिथंच मावशीकडं राहून मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं. लग्नाचं नंतर बघू. फॉर्म मिळाला नाही, तर वैशाखात नसरापूर. सौदाही हे ऐकत होती. ती हसून म्हणाली, "चालेल. पण आई, शब्द फिरवायचा नाही हं."

पौषात प्रिलिमिनरी आली. बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी सौदाच्या अंगात कसकस होती. हिवताप असावा. द्वारकाबाईंनी जाऊ नको म्हटलं, पण ती शाल पांघरून गेली आणि कसाबसा पेपर लिहून आली. दुसऱ्या दिवशी भूमितीला मात्र ताप उतरला होता.

गणिताचे सगळे पेपर पंतांकडंच तपासायला. त्यांनी ते शाळेतच, दुपारच्या वेळी, रिकाम्या वर्गात बसून तपासले. घरी आणले नाहीत. कुणी काही म्हणायला नको. सौदाचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. बीजगणितात ती बरीच मागं होती. भूमितीत तिनं भरून काढलं होतं. शेवटचा एक कूटप्रश्न राहिला होता, आठ मार्कांचा. पंतांनी मनात बेरीज केली. पास व्हायला त्यातले तीन हवे होते.

सौदानं तो प्रश्न तिच्या खोडीप्रमाणं वेगळ्याच वाटेनं सोडवला होता. बाहेरून एक रेषा काढून तिनं समांतरभुज चौकोन उभा केला होता आणि दोन ओळींत उत्तराला हात घातला होता. सुरेख होतं ते. फक्त एके ठिकाणी 'हे दोन कोन समान' असं लिहून ती पुढं गेली होती. का समान, ते लिहिलंच नव्हतं.

पंतांचा हात थांबला.

घटकाभरापूर्वीच त्यांनी दत्तू नावाच्या मुलाचा पेपर तपासला होता. त्यानंही असंच कारण गाळलं होतं. त्याला त्यांनी आठांपैकी पाच दिले होते, फार विचार न करता, कारण मुलाला समजलं होतं हे दिसत होतं. आता पाच दिले तर सौदा पास. मग शाळेत लोक काय म्हणतील? बापानं पोरीला वर काढली. बयाबाई काय म्हणेल? तिचे शब्द त्यांना कानाशी ऐकू आले.  कारण दिलेलं नाही म्हणजे सिद्धता पुरी नाही, ते स्वतःशी म्हणाले. सिद्धता पुरी नाही म्हणजे सिद्धताच नाही. आणि त्यांनी समासात शून्य काढलं, त्याच्यावरून लाल पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली.

निकालाचा तक्ता हेडमास्तरांकडं गेला तेव्हा त्यांनी पंतांना बोलावून घेतलं.

"गंगाधरपंत, सौदामिनीला तीनच मार्क कमी आहेत. मी पेपर पाहिला तर चालेल?"

"पाहा की."

हेडमास्तरांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिला. "शून्य? अहो, उत्तरापर्यंत पोचलीय की पोरगी. अर्धे तरी देता आले असते. दुसऱ्या कुणाच्या मुलाला दिले नसते का तुम्ही?"

"नाही," पंत म्हणाले. हेडमास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले.

हेडमास्तरांनी पेपर मिटून बाजूला ठेवला. "फॉर्म पुण्याला जायला अजून आठवडा आहे," ते म्हणाले. "सौदामिनीचा कोरा फॉर्म मी बाजूला काढून ठेवतो. तुम्ही विचार करा. मी कुणाला बोलणार नाही."

पंत घरी आले. सौदा ओसरीवरच उभी होती. वडिलांचा चेहरा पाहून तिला कळायचं ते कळलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, मला पेपर बघायचाय."

पंतांनी दुसऱ्या दिवशी तिला तो आणून दाखवला. बीजगणित तिनं भराभर उलटलं. तिथं तिची तक्रार नव्हती. शेवटच्या पानाशी ती थबकली.

"याला काहीच नाही?"

"कारण लिहिलेलं नाहीस. कोन समान का?"

"व्युत्क्रम कोन म्हणून. तुम्हाला दिसतंय की ते."

"मला दिसून उपयोग नाही. कागदावर पाहिजे."

सौदानं त्या शून्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "दत्तूनंही कारण लिहिलं नव्हतं. पेपर सुटल्यावर आम्ही सगळे बोलत होतो. त्याला किती मिळाले, अण्णा?"

"दुसऱ्याचे मार्क असे सांगत नसतात," पंत म्हणाले.

तिनं पेपर नीट घडी करून त्यांच्या हातात दिला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती पडवीत बसेनाशी झाली. आईच्या हाताखाली राबू लागली. दळण, पाणी, शेजारच्यांचे पापड. जेवायला बसली की भात चिवडायची आणि उठायची. द्वारकाबाईंना सुरुवातीला हायसं वाटलं होतं. नसरापूरला होकार कळवायचा म्हणून त्या पत्रिका काढून बसल्या होत्या. पण पोरीचं हे मुकेपण त्यांना बघवेना. चौथ्या-पाचव्या दिवशी, पंत शाळेला निघाले असता, त्या दारात आडव्या आल्या.

"अहो, द्या की तिला ते तीन मार्क."

पंत चकितच झाले. "तूच ना लग्नाची घाई करत होतीस?"

"करत होते. नसरापूर काही कुठं पळून जात नाही. पण ती आतून मिटत चालली आहे हो. हेडमास्तर तयार आहेत असं त्यांच्या घरातून कळलं मला. तुमच्या एका सहीचं काम आहे."

"आता दिले, तर लोक म्हणतील घरात रडारड झाली म्हणून दिले."

"लोक!" द्वारकाबाई म्हणाल्या. "लोकांच्या पोटी आलीय का ती?"

पंत टोपी सारखी करून बाहेर पडले. खरं सांगायचं तर तो आठवडाभर त्यांना झोप नव्हती. रोज शाळेत जाताना ते ठरवायचे, की आज हेडमास्तरांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, माझी चूक झाली. पण चूक झाली म्हणायचं म्हणजे आधीचं ते 'नाही' खोटं होतं, असं म्हणायचं. खोलीच्या दारापर्यंत जाऊन ते परत फिरायचे. शेवटच्या दिवशी शिपाई लाखेनं बंद केलेला लिफाफा घेऊन टपालाकडं निघाला, तेव्हा पंत व्हरांड्यातच उभे होते. शिपायानं त्यांना रामराम केला. त्यांनीही केला.

वैशाखात लग्न झालं. चांगलं झालं. शरच्चंद्र शांत, पाय जमिनीवर असलेला मुलगा होता. त्याच्यात काही खोट काढण्यासारखं नव्हतं. पाठवणीच्या वेळी सौदा आईच्या गळ्यात पडून रडली, शेजारणींच्या गळ्यात पडून रडली. वडिलांच्या पाया पडली तेव्हा मात्र तिचे डोळे कोरडे होते. पंतांनी डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं. सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला आणि तेवढ्यात वेळ गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. भिंतीजवळचं बाक कुणी तरी मागच्या रांगेत नेऊन लावलं होतं. पंत शिकवत होते, पण पूर्वीची धार गेली होती. फळ्यावर आकृती काढून ते मध्येच थांबत आणि मुलं एकमेकांकडं बघत. पंचमीला सौदा चार दिवस माहेरी आली, तेव्हा सगळ्यांशी बोलली, हसली. वडिलांना पाणी दिलं, पान दिलं. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत पंतांनी एकाएकी पिशवी उचलली आणि बायकोला सांगितलं, "वेल्ह्याला जाऊन येतो." भोरहून मोटारीनं ते नसरापूरला उतरले. तिथून पुढं वेल्ह्याकडं जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं त्यांना घेतलं. सौदाचं घर त्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. पंतांनी त्या बाजूला पाहिलं, आणि गाडीत चढून बसले. जाऊन काय बोलणार होते ते?

वेल्ह्यात मुक्काम करून सकाळी ते डोंगर चढले. या वयात त्यांना चढ झेपत नव्हता. जागोजागी बसत, दम घेत ते धनगरवाड्यावर पोचले. बयाबाई अंगणात शेणी थापत होती. तिनं त्यांना ओळखलं आणि हात धुऊन घोंगडं अंथरलं. पितळीतून दूध आणून दिलं.

"बिरू कुठं आहे?"

"मेंढरांमागं गेलाय. यील दुपारच्याला." ती समोर बसली. "मास्तर, तुमची ल्येक झाली का पास?"

पंतांनी पितळी खाली ठेवली. "नाही. तिलाही फॉर्म दिला नाही मी. तीन मार्क कमी पडले. वैशाखात लग्न लावून दिलं. तुम्हाला मी शब्द दिला होता."

आपण असं म्हटल्यावर ही बाई काय म्हणेल, याची पंतांनी वाटेत पुष्कळदा कल्पना केली होती. ती म्हणेल, देवमाणूस आहात. निदान तिच्या मनातली अढी तरी जाईल.  पण बयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं द्येवा! आन् कशापाई वो?"

"नियम सगळ्यांना सारखा, म्हणून."

"आमी शब्द मागितला व्हता व्हय तुमास्नी? म्या तर रागानं बोलून ग्येली. तिला आडवून माज्या बिरूला काय गावलं, मास्तर? त्यो हितं मेंढरामागंच हाय. आता तुमची बी पोर कुनाच्या तरी चुलीम्होरं बसली. येकाचं जळालं म्हून दुसऱ्याचं बी जाळायचं, असं कुटं आस्तंय का?"

 बयाबाई डोळ्यांना पदर लावून उठली आणि गोठ्यात निघून गेली. तिला पंतांच्या लेकीसाठी रडू येत होतं. तिनं तिला कधी पाहिलीही नव्हती.

दुपारी बिरू आला. पंत त्याला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. प्रिलिमिनरीला दोन महिने आहेत. माझ्या घरी राहा, जेव. गणित मी करून घेतो." बिरूनं आईकडं पाहिलं. चुलत्याचं आणि त्याचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण दोन दिवसांनी तो भोरला पंतांच्या दारात येऊन उभा राहिला. हेडमास्तरांनी त्याचं नाव पुन्हा घातलं.

पुढं महिन्याभरानं सौदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आला होता. घर भरलं. पडवीत बिरू पाटी घेऊन बसे, पंत समोर, आणि आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून सौदा दुपटी शिवत असे. मधलं दार उघडंच असायचं.

एकदा बिरू एका आकृतीपाशी अडला. पंतांनी दोनदा समजावलं तरी त्याला उलगडेना. तेवढ्यात आतून आवाज आला, "बिरू, ती खालची रेषा बाहेर वाढव. मग बघ."

बिरूनं रेषा वाढवली. क्षणभर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "आलं, ताई!"

पंतांनी दाराकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी तो आवाज त्या सुरात ऐकला होता. बिरू हात-पाय धुवायला मागं गेला तसे ते उठून आतल्या दारात उभे राहिले.

"सौदा, तू विसरली नाहीस काही. बाळ मोठं झालं की... जावईबापूंशी मी बोलतो. शाळेत नाव घालू. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी बस तू परीक्षेला."

सौदानं सुई दुपट्यात टोचून ठेवली. "बिरूला आणायला तुम्ही डोंगर चढलात ना, अण्णा?"

"हो."

"नसरापूरवरूनच गेला असाल. मामंजींनी तुम्हाला नाक्यावर बघितलं. घरी येऊन म्हणाले, तुझे वडील येताहेत, चहा टाक. मी आधण ठेवलं. दोनदा आटलं ते."

 पंत उंबऱ्यावरच बसले.

"बिरूचं केलंत ते फार चांगलं केलंत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "त्याचं नुकसान भरून निघतंय. पण त्याच्या आधी एकदा माझ्याकडं यायचं होतंत. काही द्यायला नाही. नुसतं यायचं होतंत."

"सौदा, मी दत्तूला पाच दिले होते," पंत म्हणाले. 

"मला ठाऊक आहे. त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी."

"मग तू बोलली का नाहीस? फॉर्म जायला आठवडा होता."

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. मी बोलले असते तर तुमची मान खाली गेली असती. ते मला नको होतं." तिनं सुई पुन्हा उचलली. "आता नका शाळेचं काढू, अण्णा. तिकडं सासूबाईंच्या डोळ्यांना दिसत नाही. सगळं माझ्यावर आहे. आणि मला ती इच्छाही राहिली नाही. खरंच नाही."

ते खोटं होतं, हे दोघांनाही कळत होतं. पण ते खोडून काढायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हेही पंतांना कळत होतं.

बिरू प्रिलिमिनरीत सगळ्या विषयांत निघाला, त्याला फॉर्म मिळाला. तो पुण्याला जाऊन आला आणि जूनमध्ये निकाल लागला तेव्हा पास झाला. जंगलखात्यात त्याला कारकुनाची जागा मिळाली. पेढ्यांचा पुडा घेऊन तो आईसकट आला. बयाबाईनं पंतांना हात जोडले, पण तिची नजर आतल्या दाराकडं होती. सौदा तान्ह्या मुलीला घेऊन बाहेर आली तेव्हा बयाबाईनं पुढं होऊन बाळाची अलाबला घेतली आणि सौदाच्या तोंडावरून हात फिरवला. "माय," एवढंच ती म्हणाली. सौदानं पेढ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बिरूला म्हणाली, "आता इंग्रजी सोडू नकोस हं. कचेरीत लागतं."

त्याच आठवड्यात शिक्षकांची सभा होती. गंगाधरपंत उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की फॉर्मचा नियम बदलावा. जो थोडक्यात राहिला असेल त्याचा पेपर दुसऱ्या शिक्षकानं पुन्हा पाहावा, आणि ज्या शिक्षकाचं मूल वर्गात असेल त्यानं त्याचा पेपर तपासूच नये. कुणी का असं विचारलं नाही. सगळ्यांनी हात वर केले. हेडमास्तरांनी इतिवृत्तात लिहून घेतलं आणि पंतांकडं न बघता पुढचा विषय काढला.

सौदाला सासरी पोचवायला या खेपेला पंत स्वतः गेले. मोटारीत बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. कापूरहोळ मागं पडलं. मग सौदानं बाहेर बघत विचारलं, "आईच्या पायाची सूज उतरलीय का?" पंतांनी सांगितलं, उतरलीय. पुढं पावसापाण्याचं, पेरण्यांचं बोलणं झालं. नसरापूरला शरच्चंद्र नाक्यावर आला होता. घरात चहा झाला, नातीचं कौतुक झालं, व्याही पंतांना मागचा मळा दाखवायला घेऊन गेले.

परतीच्या मोटारीपर्यंत सौदा पोचवायला आली. मूल खांद्यावर होतं.

"महिन्यातून एकदा येत जाईन," पंत म्हणाले.

"या ना," ती म्हणाली. "रविवारी या. हे घरी असतात, तुम्हाला बोलायला सोबत होते."

पंतांना वाटलं होतं, ती म्हणेल, मी असते. मोटार सुरू झाली. बाळ जागं होऊन रडायला लागलं, तशी सौदा त्याला थोपटत वळली आणि घराकडं चालू लागली. पंत मागच्या खिडकीतून तिच्याकडं पाहत राहिले. रस्ता वळल्यावर शेजारच्या माणसानं विचारलं, "काय पावणं, लेकीला सोडाया आलता व्हय?"

"हो," पंत म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी ती डोळ्यांवर धरली.